केसकर आणि रेडिओचा काटा

अनगोळातील आमच्या जुन्या घराची कौले उतरवून तेथे स्लॅब घालण्याचे ठरले, तेव्हा माळ्यावरून जे सामान खाली आले त्यात आप्पांचा मर्फी रेडिओ होता. लाकडी पेटी एका कोपऱ्यात वाळवीने खाल्ली होती. पुढचे कापड उंदरांनी कुरतडले होते. काच मात्र शाबूत होती. ती ओल्या फडक्याने पुसल्यावर आतला तांबडा काटा दिसला आणि काचेच्या कडेला आप्पांनी पोस्टातल्या जांभळ्या शाईने केलेल्या चार बारीक खुणाही दिसल्या. धारवाड, पुणे, सांगली आणि दिल्ली. काटा धारवाडच्या खुणेवर नेमका उभा होता. पेटीच्या मागे दोऱ्याने बांधलेले परवान्याचे पुस्तक होते, त्यावर दर वर्षाचे तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारलेला. आजच्या तरुण वाचकांना हे सांगावे लागेल की, एके काळी रेडिओ ऐकण्यासाठी सरकारचा परवाना लागत असे आणि तो पोस्टातून दरवर्षी नवा करून घ्यावा लागे. आप्पा पोस्टातच कारकून होते. दुसऱ्यांचे परवाने नूतन करणाऱ्या माणसाचा स्वतःचा परवाना एक दिवसही उशिरा झालेला नव्हता.

रेडिओ आमच्या घरी आला १९६६ साली. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. घराच्या आढ्यापासून परसातल्या नारळाच्या झाडापर्यंत तांब्याच्या तारेची एरियल ताणली गेली, आणि त्या दिवशी तिसऱ्या रेल्वे गेटापासूनची मंडळी आमच्या पडवीत जमली. बटण फिरवल्यावर आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत काही क्षण नुसती शांतता असे. त्या शांततेत सगळे पेटीकडे असे पाहत असत की, जणू देवाला कौलच लावला आहे. मग दुरून कोणीतरी जवळ येत असल्यासारखा आवाज भरत जाई.

बेळगावच्या भूगोलाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. नकाशावरील रेषेचे दुःख या भागात ज्याने भोगले नाही असे घर विरळाच. पण आमच्या रेडिओच्या काचेवर ती रेषा नव्हती. सकाळी धारवाड स्वच्छ लागे. १९५० सालच्या जानेवारीत सुरू झालेले ते केंद्र आम्हांला सर्वांत जवळचे. १९६३ साली सांगली केंद्र सुरू झाल्यावर मराठी जवळ आली. पुणे दिवसा क्षीण, रात्री स्पष्ट, पण मधूनच लाट ओसरावी तसे ओसरून जाई. धारवाडच्या कन्नड बातम्या आप्पा नेमाने ऐकत आणि मलाही ऐकायला बसवीत. पुढे राज्य सरकारच्या सेवेत शिरताना आणि शिरल्यावर कन्नड टिपण्या लिहिताना माझे कधी अडले नाही, याचे श्रेय शाळेइतकेच त्या बातम्यांना आहे. आमच्यासारख्या मराठी घरातील किती मुलांच्या नोकऱ्या अशा त्या काट्याने लावल्या असतील, कोण जाणे.

या पेटीवर आप्पांचे राज्य होते आणि त्या राज्याचा एक शास्ता होता. त्यांचे नाव डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. आमच्या घरात हे नाव इतर घरांत टिळक-आगरकरांचे निघावे तसे निघे. “केसकरसाहेबांनी हे केलं नसतं तर तुझ्या कानावर भीमसेन पडला नसता,” हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची गणती नाही. मी रेडिओ ऐकू लागलो त्याच्या चार वर्षे आधीच केसकर मंत्रिपदावरून गेलेले होते. तरी आमच्या पडवीत त्यांचाच हुकूम चाले. सकाळी धारवाड, संध्याकाळी सांगली वा पुणे, शनिवारी रात्री साडेनऊ वाजता दिल्लीहून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम. आणि सिनेमाची गाणी नाहीत. ती लागली तर आप्पा उठून काटा हलवीत. रागावून नव्हे, अंगणात आलेली शेळी हाकलावी तितक्या सहजपणे.

केसकर कोण, हे आज बहुतेकांना ठाऊक नाही, आणि ठाऊक असले तर ‘सिनेमाच्या गाण्यांवर बंदी घालणारे मंत्री’ एवढेच. १९०३ साली जन्मलेला हा मराठी माणूस असहकाराच्या काळात राष्ट्रीय चळवळीत आला, काशी विद्यापीठात रमला, पॅरिसला जाऊन डॉक्टरेट घेऊन आला, काँग्रेसचा सरचिटणीस झाला आणि उत्तर प्रदेशातून लोकसभेवर निवडून गेला. शास्त्रीय संगीताचा व्यासंग त्यांना होता. तो मिरवण्यापुरता नव्हता. पुढे १९६७ साली त्यांनी भारतीय संगीताच्या प्रश्नांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे माहिती व नभोवाणी हे खाते त्यांच्याकडे होते. एका मंत्र्याने एकच खाते दहा वर्षे सांभाळणे म्हणजे काय, हे ज्याने सरकारी कचेरीत दर अडीच वर्षांनी नव्या साहेबाच्या नव्या धोरणाची फाईल उघडली आहे त्यालाच कळेल.

त्यांच्या हाती काय आले होते तेही पाहिले पाहिजे. मुंबईत १९२७ साली खासगी कंपनीने नभोवाणी सुरू केली आणि तीन वर्षांत ती कंपनी बुडाली. सरकारने १९३० साली ती आपल्याकडे घेतली. १९३५ साली लंडनहून आलेल्या लायोनेल फील्डन यांनी पुढच्याच वर्षी तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव दिले. ‘आकाशवाणी’ हा शब्द मात्र दिल्लीचा नाही; तो आमच्या राज्याचा, म्हैसूरचा. तेथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली स्वतःच्या हौसेने चालविलेल्या छोट्या केंद्राचे ते नाव होते. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला अवघी सहा केंद्रे आली. देशाच्या भूमीपैकी शेकडा अडीच भागापर्यंतच त्यांचा आवाज पोहोचत होता.

आणि त्याच सुमारास एक मोठा आधार कोसळला होता. संस्थाने विलीन झाली. आमच्या भागापुरते बोलायचे तर कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजी, जमखंडी ही दरबारांची माळच बेळगावभोवती होती. कोल्हापूरला अल्लादियाखाँ, मिरजेला अब्दुल करीमखाँ अशी घराण्यांची मुळे याच मातीत धरली. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले ते अल्लादियाखाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ यांच्याकडे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. दरबार गेल्यावर या विद्येचे काय होणार, हा प्रश्न तेव्हा खरोखरच पोटाचा होता. केसकरांनी त्याचे उत्तर दिले: यापुढे दरबार नभोवाणीचा. २० जुलै १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी रविशंकरांच्या हाती वाद्यवृंद सोपविला गेला. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलने भरू लागली. कलावंतांना श्रेणी लागल्या, ठरलेले मानधन आले. मन्सूर धारवाड केंद्राचे संगीत सल्लागार झाले. ज्या घरात तानपुरा कधी आला नव्हता अशा, पोस्टातल्या कारकुनाच्या घरात, ख्याल शिरला. आप्पांना सूर कळत होता की नाही, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण शनिवारी साडेनऊला ते धुतलेला सदरा घालून रेडिओपुढे बसत. घरातल्या घरात, बाहेर कोठेही जायचे नसताना, धुतलेला सदरा. कारण ते मैफलीला निघालेले असत.

हे सारे मान्य करूनही, सरकारी नोकरीत चौतीस वर्षे काढलेला माणूस म्हणून केसकरांच्या कारभाराकडे पाहताना मला अस्वस्थ व्हायला होते. श्रेणी लावायची तर परीक्षा आली, परीक्षा आली की परीक्षक आले. पंडित रातंजनकरांसारख्या विद्वानाच्या अध्यक्षतेखाली चाचणी मंडळ बसले आणि ज्यांनी आयुष्यभर तालीम घेतली, ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गाणे होते, अशा गवयांना रागाचे शास्त्र विचारले जाऊ लागले. कित्येक खाँसाहेबांना तो अपमान वाटला आणि त्यांत त्यांची चूक नव्हती. गाणे येणे आणि गाण्याविषयी बोलता येणे यांत अंतर आहे. मुसलमान राजवटीत आपल्या संगीताचा ऱ्हास झाला, अशी केसकरांची एक आवडती उपपत्ती होती. ती डोक्यात ठेवून जेव्हा एखादा मंत्री परीक्षा बसवितो, तेव्हा परीक्षा देणाऱ्याला तिचा वास येतोच. आप्पांपुढे मी हा मुद्दा एकदा काढला होता. ते म्हणाले, “पण चाळणीशिवाय पीठ कसं निघणार?” बरोबर आहे. पण चाळणी कोणाच्या हातात, हेही पाहावे लागते.

बेळगावकराला दुखावणारी आणखी एक गोष्ट होती. ती म्हणजे पेटी. १ मार्च १९४० पासून नभोवाणीवर हार्मोनियम बंद होती. ही बंदी केसकरांची नव्हे, फील्डनच्या काळातली. पाश्चात्त्य संगीत विभागाचे जॉन फोल्ड्स यांनी तिच्यावर लेख लिहून झोड उठविली होती, आणि खुद्द रवींद्रनाथांनाही पेटी नकोशी होती. तिचे स्वर ठोकळेबाज, तिला मींड नाही, श्रुती नाहीत, हा आक्षेप तांत्रिक दृष्ट्या खोटा म्हणता येत नाही. केसकरांनी ती बंदी कसोशीने चालू ठेवली. पण आमचे गाव पेटीचे. पंडित रामभाऊ विजापुरे यांनी या गावात किती पिढ्यांना पेटी शिकविली हे येथे सांगायला नको. त्यांच्या बोटांखाली पेटी कशी बोलत असे हे ज्याने ऐकले आहे, त्याला श्रुतींच्या आक्षेपाचे उत्तर तोंडी द्यावे लागत नाही. १९७१ नंतर साथीपुरती ती बंदी हळूहळू उठत गेली. म्हणजे तीस वर्षे एक वाद्य गावातल्या प्रत्येक भजनात, नाटकात, शाळेच्या प्रार्थनेत वाजत होते आणि सरकारच्या कानाला मात्र ते ऐकू येत नव्हते.

आता सिनेमाच्या गाण्यांचे प्रकरण. केसकर आले तेव्हा केंद्रांवरून ती भरपूर वाजत. त्यांना ती उथळ, पाश्चात्त्य चालींची उसनवारी केलेली आणि रुची बिघडविणारी वाटत. त्यांनी त्यांचा वाटा कापला, गाणी निवडून घेण्याचा नियम केला आणि चित्रपटाचे नाव सांगणे ही फुकटची जाहिरात म्हणून तेही बंद केले. निर्मात्यांनी उलट आपली परवानगीच काढून घेतली. पाहता पाहता देशाच्या नभोवाणीवरून देशात सर्वांत अधिक गायली जाणारी गाणी नाहीशी झाली. लोकांनी काय केले? मोर्चे काढले नाहीत. काटा फिरविला. श्रीलंकेत युद्धकाळात सैन्यासाठी उभारलेली लघुलहरींची ताकदवान यंत्रे पडून होती. तेथून रेडिओ सिलोन ही गाणी लावू लागला. १९५२ च्या डिसेंबरात अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता हॉटेलांपुढे माणसे उभी राहू लागली. सयानी २०२४ साली गेले तेव्हा सर्व भाषांतून त्यांच्यावर लेख आले. केसकर १९८४ साली गेले. त्यांची लहानशी बातमी आप्पांनी कापून परवान्याच्या पुस्तकात ठेवली होती. ती परवा पुस्तकाबरोबरच सापडली. कागद इतका पिवळा की उलगडताना घडीवर तुटला.

माझ्या आईचे माहेर निपाणीचे. तंबाखूच्या वखारींच्या रस्त्यावर त्यांचे घर होते आणि समोर चहाचे हॉटेल. लग्नाआधीची तिची गाणी सगळी त्या हॉटेलातली, म्हणजेच सिलोनची. भाकरी थापताना ती गुणगुणत असे, पण आप्पा घरात असले की ओव्या किंवा गीत रामायण.

गीत रामायणाचे नाव आले तेव्हा केसकरांच्या पारड्यात जे सर्वांत जड माप टाकायला हवे ते टाकतो. सिनेमाचे गाणे काढून टाकले की जागा रिकामी राहते. ती भरायला शास्त्रीय संगीत पुरत नाही, हे त्यांना उमगले होते. म्हणून केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग निघाले, कवींकडून गीते लिहून घेण्यात येऊ लागली. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या पुणे केंद्रावर सीताकांत लाड होते. त्यांच्या मागणीतून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीत रामायण जन्मले. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. तेथून आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर छप्पन्न गीते. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होते. टिळकवाडीत ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या पडवीत आप्पा ते ऐकायला जात. रेडिओला हार घातलेला त्यांनी पाहिला होता. लेखक-कलावंतांनाच निर्माते म्हणून बोलाविण्याचे धोरणही त्याच दशकातले. पुण्याला व्यंकटेश माडगूळकर आले, पु. ल. देशपांडे आले. पु. ल. त्याआधी काही काळ आमच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवून गेलेले, त्यामुळे बेळगावकरांना ‘आपला माणूस रेडिओत गेला’ असे वाटणे स्वाभाविक होते. सरकारी खात्यात कवी आणि विनोदकार पगारावर ठेवायचे आणि त्यांना हजेरीपटापेक्षा थोडे मोकळे सोडायचे, हे धाडस सोपे नव्हे. मी अनेक खात्यांतून फिरलो. असा खर्च मंजूर करून घेणारा सचिव मला भेटला नाही.

ओघात एक गोष्ट सांगून टाकतो. १९५६ च्या आरंभी युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्राने मराठी मुलखातील पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावी शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे काढली. कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, शंका केंद्राला लिहून कळवायच्या आणि पुढच्या कार्यक्रमात उत्तरे ऐकायची. कोल्हापूर जिल्हा त्यांत होता. निपाणीपासून हाकेच्या अंतरावरची गावे अशी रेडिओशी बोलत होती. ऐकणाऱ्याने उलट बोलावे ही कल्पना नभोवाणीच्या त्या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडते. ती पुढे देशभर नेण्यात आली, पण तिचा पहिला जोम टिकला नाही.

आणि मग १९५७. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला ‘विविध भारती’ सुरू झाली. पंडित नरेंद्र शर्मांसारख्या कवीकडे ती सोपविली होती. तिच्यात नाटिका होत्या, लोकगीते होती, सुगम संगीत होते, आणि सिनेमाची गाणी होती. तीच गाणी, पाच वर्षांपूर्वी दाराबाहेर काढलेली. केसकर तेव्हाही मंत्री होते. ‘आमचे चुकले’ असे कोणी म्हटले नाही. सरकारी भाषेत ते वाक्य नाहीच. मी चौतीस वर्षांत एकाही फाईलीवर ते वाचलेले नाही आणि लिहिलेलेही नाही. सरकार चुकले की ते जुनी योजना मागे घेत नाही, शेजारी एक नवी योजना सुरू करते. विविध भारती ही तशी नवी योजना होती. तरी मला केसकरांचे येथे कौतुक वाटते. ज्याच्या हाती सत्ता आहे आणि ज्याला स्वतःच्या रुचीची खात्री आहे, त्याने आपल्याला न आवडणाऱ्या गोष्टीसाठी स्वतःच्या सहीने खिडकी उघडून देणे हे दिसते तितके सोपे नसते.

ते मला का ठाऊक, तेही सांगायला हवे. नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या ठिकाणी होतो. तेथे सरकारी उत्सवासाठी कलापथके निवडण्याची समिती होती आणि यादी करण्याचे काम माझ्याकडे होते. पन्नासेक अर्ज आले. त्यांत एका म्हाताऱ्या पेटीवाल्याच्या पार्टीचा अर्ज होता. पेटी, ढोलकी, बँजो आणि गाणारी दोन मुले. लग्नांतून, जत्रांतून सिनेमाची गाणी म्हणणारे लोक ते. मी त्या अर्जापुढे कन्नडमध्ये ‘कीळु अभिरुची’ असे लिहिले. हीन अभिरुची. दोन शब्द, खाली सही. आप्पांचाच मुलगा मी.

चार दिवसांनी तो म्हातारा कचेरीत आला. त्याला खुर्ची दिल्याचे मला आठवत नाही. बहुधा दिली नसावी. तो भांडला नाही. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, “साहेब, आमचं गाणं तुम्ही एकदा तरी ऐकलासा काय?” मी म्हणालो, नियम आहेत, समिती आहे, पुढच्या वर्षी अर्ज करा. तो म्हणाला, “बरं,” आणि गेला. पुढच्या वर्षी माझी बदली झाली होती.

केसकरांवर टीका करताना मला तो म्हातारा नेहमी आठवतो. केसकरांनी ऐकून नाकारले. त्यांची आवड एकारलेली असेल, पण ती कमावलेली होती. मी न ऐकता नाकारले, आणि माझी आवड वडिलांकडून आयती आलेली होती. त्या यादीचा कागद अजून कुठल्यातरी दप्तरखान्यात असेल. माझी सही वळणदार आहे, ती सहज ओळखू येईल.

आई २००४ साली गेली. त्यानंतर आप्पा सहा वर्षे होते. मर्फी तोवर बंद पडून पुष्कळ वर्षे झाली होती, मी त्यांना लहान ट्रान्झिस्टर आणून दिला होता. एका दुपारी ते पडवीत बसले होते आणि शेजारच्या घरातून विविध भारतीवरचे एक जुने गाणे ऐकू येत होते. मी सवयीने उठून दार लोटू लागलो. ते म्हणाले, “राहू दे. तुझ्या आईचं आहे.”

मला कळले नाही. मग त्यांनी सांगितले. आप्पा सकाळी साडेनऊला सायकलवरून पोस्टात जायला निघत आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला परत येत. मधल्या वेळात आई विविध भारती लावत असे. मला हे माहीत होते; आम्ही भावंडे त्या कटात सामील होतो. दुपारच्या फर्माइशीची गाणी आई मांडीवरचे तांदूळ निवडत ऐके आणि साडेपाच वाजले की काटा अगदी बारकाईने जांभळ्या खुणेवर आणून ठेवी. केसभरही इकडेतिकडे नाही. म्हणून आप्पांनी बटण फिरविले की धारवाडच लागे. आप्पांना हे कधी कळले नाही, अशीच आमची समजूत होती.

“काटा बरोबर जागेवर असायचा,” आप्पा म्हणाले. “पण मी आल्यावर पिशवी कुठं ठेवत होतो? रेडिओवर. पेटी कोमट असायची.”

व्हॉल्व्हचा रेडिओ बंद केल्यावर बराच वेळ निवत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. १९६६ पासून रेडिओ बंद पडेपर्यंत, कामाच्या प्रत्येक दिवशी, हा माणूस त्या लाकडावर हात ठेवून उभा राहत होता.

मी विचारले, “मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?”

ते माझ्याकडे असे पाहू लागले की, इतका शिकून मला एवढेही कळू नये.

“बोललो असतो तर तिला बंद करावा लागला असता.”